मदत हवी आहे: फोंडा-पणजी रोजच्या प्रवासाला पेट्रोल, हायब्रीड की इलेक्ट्रिक?

अंत्रुजी

नमस्कार मंडळी. चवथीपूर्वी नवी गाडी आणायचं आमच्या घरी ठरलंय. कर्जाचं बघून झालं, अडलंय ते कोणती आणायची यावर. पुढची दहा वर्षं तरी हीच गाडी वापरायची आहे, म्हणून जाणकारांनी वेळ काढून सांगावं ही विनंती.

मी फोंड्याहून पणजीला पाटोवर कामाला जाते, बाणस्तारी-जुने गोवे मार्गे. येऊन-जाऊन साठेक किलोमीटर. सासूबाईंना बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, न्यावं लागतं, कधी कधी अवेळीही. माहेर बेळगावला, म्हणजे अधूनमधून चोर्ला घाट. मुंबई-पुण्याला आम्ही गाडीने जातच नाही. सध्याची पेट्रोल गाडी लिटरला पंधराच्या आसपास देते.

घर स्वतःचं, कौलारू. गाडी अंगणात पत्र्याखाली उभी राहते, तेव्हा चार्जिंगला जागा आहे. पण वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं. शिवाय पावसात माडाची झावळी तारांवर पडली की वीज जाते, ती कधी तासाभरात येते, कधी रात्रभर येत नाही.

माझा आतेभाऊ इंग्लंडात स्विंडनला असतो. त्याच्याकडे प्लग-इन हायब्रीड आहे. रोजच्या फेऱ्या विजेवर, लांब गेला तर पेट्रोलवर. ऐकल्यावर वाटलं, आम्हाला हेच हवं. पण इथे शोरूममध्ये जी 'हायब्रीड' दाखवली तिला वायर लावायची जागाच नव्हती. विक्रेता म्हणाला, "हीसुद्धा इलेक्ट्रिकवर चालते, उलट चार्ज करायची कटकट नाही." मग या दोन गाड्या एकच की वेगळ्या? आणि पूर्ण इलेक्ट्रिक घेतली तर घाटात, वीज नसताना आणि पणजीत '१८ जून' नावाच्या रस्त्यावर पाणी भरतं तेव्हा काय होतं? सासूबाईंना नेताना गाडी दगा देता कामा नये. ही एकच अट मी सोडणार नाही.

घाटवाट

ताई, दोन्ही पूर्णपणे वेगळ्या. तुम्हाला दाखवली ती स्ट्राँग हायब्रीड. मारुतीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर या त्या जातीच्या. त्यांची बॅटरी जेमतेम पाऊण युनिटाची (वीजबिलावरचं युनिट, म्हणजे किलोवॅट-तास) असते आणि ती भरते इंजिनावर नि ब्रेक लावताना. म्हणजे सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलचीच, फक्त वाया कमी जाते. कंपनी लिटरला जवळजवळ २८ सांगते, रस्त्यावर २०-२२ धरा. चांगली गाडी आहे, पण भिंतीतली वीज तिला कधीच मिळणार नाही.

आतेभावाची गाडी बाहेरून चार्ज होते. तिची बॅटरी दहा-वीस युनिटांची, चाळीस ते शंभर किलोमीटर विजेवर जाते. आपल्याकडे अशा गाड्या आजवर आल्या त्या मुख्यतः बीएमडब्ल्यू एक्सएमसारख्या कोटींच्या घरातल्या. आपल्या बजेटात तो पर्याय नाही असंच धरून चला. आणि ती मिळाली तरी रोज चार्ज करायची शिस्त लागते. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये रस्त्यावरच्या प्रत्यक्ष नोंदी मांडल्या, त्यात प्लग-इन गाड्यांचा कार्बन डायऑक्साइड प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाला, कारण लोक समजलं होतं तितकं चार्ज करत नाहीत.

मी स्वतः इलेक्ट्रिक गाडीने बेळगावला जातो. घाट चढायला साडेसातशे मीटरची उंची म्हणजे साधारण चार युनिट जादा जातात, उतरताना त्यातले निम्म्याहून अधिक परत येतात. मात्र वरून निघताना बॅटरी काठोकाठ भरलेली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागाच नसते, मग ब्रेकवर उतरावं लागतं. म्हणून बेळगावहून निघताना मी ८५-९० टक्क्यांवर थांबवतो. चाळीस-पंचेचाळीस युनिटांची बॅटरी असेल तर फोंड्याहून बेळगाव एका दमात होतं. माहेरी १५ ॲम्पिअरचा चांगला प्लग असला की परतीचीही चिंता नाही.

मडगावकर७२

मी फ्लॅटमध्ये राहतो, पार्किंग रस्त्यावर, महिन्याला चालवणं तीनशे किलोमीटरही नाही. मी साधी पेट्रोल घेतली आणि माझ्यासाठी तेच योग्य होतं. घरी चार्जिंग नसेल तर इलेक्ट्रिकच्या भानगडीत पडू नये असं माझं ठाम मत.

पण अंत्रुजीताई, तुमचं गणित निराळं आहे. महिन्याला १,५०० किलोमीटर धरू. पेट्रोल ९६ रुपये आणि १५ चा ॲव्हरेज, तर १०० लिटर, ९,६०० रुपये. स्ट्राँग हायब्रीड २२ ने चालली तर साडेसहा हजार. इलेक्ट्रिक युनिटला ७ किलोमीटर गेली आणि चार्जिंगमधली गळती धरली तर २४५ युनिट. घरगुती दर टप्प्याटप्प्याने वाढतो, म्हणून सरसकट ६ रुपये धरले, तरी दीड हजार. पेट्रोलपेक्षा महिन्याला आठ हजार वाचतात. दोन कोटेशनांतला फरक या आठ हजारांनी भागा, किती महिन्यांत वसूल होतो ते कळेल. इलेक्ट्रिकला जीएसटी ५ टक्के आहे. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांना १८ आणि चार मीटरहून लांब गाड्यांना ४०. या हायब्रीड ४० मध्ये येतात, त्यामुळे किमतीतलं अंतर वाटतं त्याहून कमी निघेल. विमा आणि टायरचा खर्च मात्र इलेक्ट्रिकला थोडा जास्त येतो, तोही विचारून घ्या.

वायरमन_डिचोली

गाडीचं ते लोक सांगतील, मी तुमच्या घराचं सांगतो. जुन्या घरात अडचण असते अर्थिंगची, म्हणजे गळती झालेली वीज जमिनीत सोडणाऱ्या जोडणीची. चार्जर आधी अर्थ तपासतो, ती नीट नसली तर चार्जिंग सुरूच करत नाही. आपल्याकडे जमीन चिऱ्याची, उन्हाळ्यात कोरडी पडली की अर्थ कमजोर होते. पावसात चाललेलं चार्जिंग एप्रिलमध्ये अडतं ते यामुळेच. कृपा करून जुन्या बोर्डावरून एक्स्टेंशन ओढू नका. मीटरपासून वेगळी लाइन, चार चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी (जादा भार आला की लाइन तोडणारा स्विच) आणि आरसीसीबी (वीज गळली की लाइन तोडणारा), औद्योगिक पद्धतीचा १६ ॲम्पिअरचा सॉकेट पत्र्याखाली उंचावर. ३.३ किलोवॅटच्या चार्जरला एवढं पुरतं. तुमच्या साठ किलोमीटरना रात्री तीन तास लागतील. वीज खात्याकडे मंजूर भार किती आहे ते बिलावर बघा, कमी असेल तर आधी वाढवून घ्या.

घाटवाट

वीज जाण्याबद्दल: पावसाळ्यात रोज संध्याकाळी प्लग लावायची सवय ठेवा, बॅटरी ५० टक्क्यांखाली जाऊ देऊ नका. एक अख्खी रात्र वीज नसली तरी बांबोळीला जाऊन येण्याइतकं कितीतरी शिल्लक राहतं. पाण्याचं म्हणाल तर बॅटरी बंदिस्त असते, बहुतेकांना आयपी ६७ (धूळ-पाणी आत न शिरण्याचं) मानांकन असतं, आणि हवा ओढणारं इंजिन नसल्यामुळे पेट्रोल गाडीसारखं पाणी आत ओढून इंजिन फुटायचा प्रश्न नाही. तरीही भरलेल्या पाण्यात घालू नका. खड्डा दिसत नाही, आणि तळाला दगड लागला तर बॅटरीचं कवच दुखावतं. खरेदीच्या वेळी बॅटरीची वॉरंटी लेखी घ्या, बहुतेक कंपन्या आठ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर देतात.

अंत्रुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन गाड्यांतला फरक इतका स्वच्छ कोणी सांगितला नव्हता. इलेक्ट्रिककडे मन झुकतंय, पण वायरमनदादांनी सांगितलेलं काम झाल्याशिवाय बुकिंगचे पैसे भरणार नाही. दादा, अर्थिंगची सळी पुरायचा खड्डा विहिरीजवळ घेतला तर चालेल का? तिथली माती मे महिन्यातही ओली असते. घरापासून किती लांब हवा?

वायरमन_डिचोली

ओली जागा उत्तम. भिंतीपासून निदान दीड मीटर सोडा. विहिरीच्या अगदी काठाला नको, दोन-तीन मीटर अलीकडे घ्या. त्यात मीठ घालू नका, विहिरीत झिरपेल आणि सळीही गंजेल. बेंटोनाइट (ओल धरून ठेवणारी चिकणमाती) वापरा. काम झालं की न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजून घ्या, दोन-तीनच्या खाली पाहिजे. आता माती ओली आहे, आकडा चांगलाच येईल. मार्च-एप्रिलमध्ये परत एकदा मोजा.