शीतपेयावर ४० टक्के, शेवेवर ५: लठ्ठपणा असा जाईल का?

रामबागकर: सप्टेंबर २०२५ पासून गोड शीतपेयांवर जीएसटी ४० टक्के, आणि त्याच दिवशी पाकीटबंद नमकीन १२ वरून ५ वर. म्हणजे सरकारला आपली ढेरी फक्त कोल्ड्रिंकनंच सुटते असं वाटतं. सकाळी पोह्यांवर मूठभर शेव, सोबत जिलबी, रात्री आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या खाऊबाजारात गराडू (तळलेला कंद). माझं मत, शेवेवरही ४० लावा.

हिशेबी भिया: काका, आधी नीट वाचा. शीतपेयांवर पूर्वीही २८ अधिक १२ सेस (उपकर) होता, म्हणजे ४०च. नवं काही नाही. खरी गोम वेगळीच आहे. बिनसाखरेच्या डाएट सोड्यालाही ४०च! मग कंपनी साखर कमी कशाला करेल? ब्रिटननं २०१८ मध्ये कर साखरेच्या प्रमाणावर बसवला: १०० मिलीत ५ ग्रॅमच्या आत काही नाही, ८ ग्रॅम किंवा वर सर्वात जास्त. कंपन्यांनी चव बदलली, लोकांना समजावत बसावं लागलं नाही.

रामबागकर: हे मान्य. पण शेवेचं काय?

सुदामानगरची ताई: दादा, शेव तर आपण सुटीच आणतो, कागदात बांधून. केरळनं २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर १४.५ टक्के फॅट टॅक्स लावला, तोही फक्त ब्रँडेड रेस्टॉरंटांत. वर्षभरात जीएसटी आला आणि तो संपला. ठेल्यावरच्या कचोरीला हात लावायची कुणाची हिंमत? चिली देशासारखे पाकिटावर ‘साखर जास्त’, ‘मीठ जास्त’ सांगणारे काळे अष्टकोनी शिक्के म्हणाल, तर ते भुट्ट्याच्या (मक्याच्या) किसावर चिकटवणार कुठे? (हसू नका, आमच्या सूनबाईनं खरंच विचारलं.)

हिशेबी भिया: म्हणून काहीच करायचं नाही? मेक्सिकोनं २०१४ मध्ये लिटरमागे एक पेसो लावला आणि खप उतरला. गरीब माणूस भाव बघूनच हात आवरतो.

सुदामानगरची ताई: तिथं मला खटकतं. गरिबाचा हात आवरायचा, आणि श्रीमंत चार ठिकाणी खाऊन जिमला जाणार. डॉक्टर मला म्हणतात, रोज पाऊण तास चाला. घराबाहेर फुटपाथवर गाड्या उभ्या. नेहरू पार्कात चालायला जायचं तर आधी स्कूटी काढा.

रामबागकर: ताई, तुमचं पटतं, तरी शेवेवरचा हट्ट मी सोडत नाही. निदान आहे तो नियम तरी पाळा. जास्त मीठ-साखर-तेलाचे पदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकायला २०२० च्या नियमानं बंदी आहे. नातवाला आणायला जातो तिथं सुटायच्या वेळी समोशाची गाडी फाटकाला खेटून असते. परवा मोजलं, माझी अकरा पावलं.

हिशेबी भिया: आणि समोसा घेतलात की नाही, ते सांगा.

रामबागकर: एकच. नातवासाठी.