शाळेचा आराखडा बदलायचाच, तर सुरुवात कुठून?

वऱ्हाडी_मास्तर: 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने 10+2 मोडून 5+3+3+4 आणलं. त्यातला पहिला पाच वर्षांचा टप्पा म्हणजे तीन वर्षांपासून दुसरीपर्यंत. पण तीन ते सहाची पोरं महिला व बालविकास खात्याच्या अंगणवाडीत आणि पहिलीपासून शिक्षण खात्याकडे. टप्पा एक, मालक दोन! माझं म्हणणं: अंगणवाडी झेडपी शाळेच्या आवारात आणा, खातं एक करा. आठवीपासून प्रत्येकाला एक हातकाम सक्तीचं. आणि शाळा सुटलेल्याला कुठल्याही वयात परत येता यावं.

सेविकेची_लेक: आमच्या पाड्यावरून शाळा ओढ्यापलीकडे आहे. पावसाळ्यात तीन वर्षांचं पोर कोण नेणार? शिवाय अंगणवाडी म्हणजे नुसती बडबडगीतं नव्हेत. पोषण आहार, लसीकरण, गरोदर बाईची नोंद, सगळं तिथंच. शिक्षण खात्याकडे गेली की चौथ्या वर्षीच गृहपाठ सुरू. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला उलट केलं होतं, अंगणवाडीच पाड्यावर नेली.

वऱ्हाडी_मास्तर: मग लांबच्या पाड्यावर राहू दे तिथंच. पण सेविकेला मानधन नको, शिक्षिकेचा पगार द्या. ते खातं बदलल्याशिवाय होणार नाही.

मॅट्रिक_पास: हातकाम सक्तीचं? 1953 मध्ये मुख्यमंत्री राजाजींनी मद्रास राज्यात अर्धा वेळ शाळा, उरलेला वेळ घरचा धंदा अशी योजना आणली. कुंभाराचं पोर कुंभारच राहणार म्हणून लोक पेटले आणि 1954 मध्ये त्यांच्यानंतर मुख्यमंत्री झालेल्या कामराजांनी ती गुंडाळली. आपल्याकडेही सुतारकाम झेडपीच्या पोरांना आणि कोडिंग सीबीएसईवाल्यांना, लिहून ठेवा.

वऱ्हाडी_मास्तर: तिथं धंदा बापाचा होता. मी म्हणतोय, वायरिंग डॉक्टरच्या पोरीलाही यावं आणि त्याचे गुण दहावीच्या निकालात धरावेत.

मॅट्रिक_पास: कार्यानुभवही सगळ्यांनाच होता की! काय केलंत वर्गात? कागदी फुलं, आणि सरसकट ‘अ’ श्रेणी.

रात्रशाळावाली: मास्तरांच्या तिसऱ्या मुद्द्याला कुणी हातच लावला नाही. आरटीई, म्हणजे शिक्षण हक्क कायदा, सहा ते चौदा वयापुरता. त्यापुढे शाळा सुटली की बहुतेकांना उरतो सतरा नंबरचा फॉर्म. तो भरून बाहेरून परीक्षेला बसता येतं, पण गणित शिकवणार कोण? लग्नानंतर दहावी करू पाहणाऱ्या बायका इंग्रजी नि गणितातच अडकतात. रात्रशाळा मुंबईसारख्या शहरात. गावातली झेडपीची इमारत संध्याकाळी कुलूपबंद असते, तीच उघडा. दोन विषयांना दोन शिक्षक, एवढंच मागतेय.

मॅट्रिक_पास: याला माझा पाठिंबा. पण दिवसाच्याच शाळेत चार वर्गांना दोन मास्तर असतात, ताई. संध्याकाळी कोण येणार?

रात्रशाळावाली: डीएड होऊन भरतीची वाट बघत बसलेली पोरं गावोगाव आहेत. त्यांना विचारलंय कुणी?