मदत हवी आहे : अपक्ष उमेदवारी आणि सामाईक जमिनीचे शपथपत्र

नमस्कार. माझ्या वहिनी विधानसभेची पोटनिवडणूक अपक्ष म्हणून लढवणार असून, आमच्या घरात याआधी ग्रामपंचायतीचाही अर्ज कोणी भरलेला नाही. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक (अर्जावर सही करून नाव सुचवणारा मतदार) पुरतो, अपक्षाला मात्र मतदारसंघातलेच 10 मतदार लागतात. ते मिळाले आहेत (10,000 रुपयांच्या अनामत रकमेपेक्षा सह्या जमवणेच जड गेले). अडचण उमेदवारी अर्जासोबत द्यायच्या नमुना 26 च्या शपथपत्राची आहे. त्यात एकही रकाना कोरा ठेवता येत नाही आणि पती-पत्नी दोघांचीही मालमत्ता दाखवावी लागते. पण आमच्या सातबाऱ्यावर दादांसह तिन्ही भावांची नावे सामाईक असून वाटप झालेले नाही. अशा वेळी दादांच्या हिश्श्याचे चालू बाजारमूल्य शीघ्र सिद्ध गणकानुसार (सरकारी रेडी रेकनरच्या दराने) लिहावे, की मूल्यांकनाचा दाखला घ्यावा? छाननीचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.