थर्मल स्कोप : ‘रात्रदर्शी’, ‘औष्णिक दुर्बीण’ की आणखी काही?

प्रश्न :
माझा मेहुणा टेक्सासात असतो. तिथे शेतं उकरणाऱ्या रानडुकरांना रात्री मारतात. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी असली, की २०१९ पासून त्यासाठी शिकारीचा परवानाही लागत नाही. तो बंदुकीवरचा थर्मल स्कोप निवडतोय आणि फोनवर एकेका शब्दाचा मराठी अर्थ विचारतोय. मी ‘रात्रदर्शी दुर्बीण’ सुचवलं. चालेल का?

प्रतिसाद :
‘रात्रदर्शी’ नको. तो शब्द नाइट व्हिजनला द्या. नाइट व्हिजन चांदण्यांचा असेल-नसेल तो उजेड वाढवून दाखवतं. थर्मलला उजेडाशी देणंघेणं नाही, ते भर दुपारीही चालतं. अंगातून बाहेर पडणारी उष्णता, म्हणजे साधारण ८ ते १४ मायक्रॉनच्या अवरक्त लहरी, ते टिपतं. साधी काच या लहरी अडवते, म्हणून त्याचं भिंग जर्मेनियमचं असतं. मी एकदा गाडीची काच न उतरवताच थर्मलमधून बघायला गेलो. बाहेरची गुरं गायब, आणि काचेत माझ्याच तोंडाचा पांढुरका डाग!

‘औष्णिक’ म्हटलं की कोराडी, पारसची वीजकेंद्रं डोळ्यांपुढे येतात. मी सरळ ‘उष्णतेची दुर्बीण’ म्हणेन. दुर्बीण शब्द फारसी आहे: दूर अधिक बीन, म्हणजे पाहणारा. ‘तमाशबीन’मधला ‘बीन’ तोच. संस्कृत ‘दुर्’चा इथे संबंध नाही.

दुसरा प्रतिसाद :
नेमासाठी आपल्याकडे शब्द तयार आहेत. नळीच्या टोकावरच्या खुणेला ‘माशी’ म्हणतात. नेम धरण्याला ‘शिस्त धरणे’ हा जुना प्रयोग आहे. आज शिस्त म्हटलं की शाळाच आठवते, पण बंदुकीची शिस्त मला फार आवडते. स्कोपच्या फुलीलाही ती शोभेल.

मूळ प्रश्नकर्ता :
आणि ‘डिटेक्शन रेंज’? माहितीपत्रकात १,८०० मीटर लिहिलंय. मी ‘दिसण्याचं अंतर’ असं सांगितलं.

प्रतिसाद :
कृपा करून तसं सांगू नका. खरी चूक इथेच होते. ती ‘चाहूल’ आहे. तिथे काहीतरी गरम आहे, एवढंच त्यातून कळतं. ३५ मिलिमीटर नाभीय अंतराचं भिंग आणि संवेदकावरचा (सेन्सरवरचा) १२ मायक्रॉनचा ठिपका, म्हणजे पिक्सेल, धरा. हजार मीटरवर एकेक ठिपका सुमारे ३४ सेंटिमीटर जागा व्यापतो. पाऊण मीटर उंचीचं डुक्कर म्हणजे एकावर एक जेमतेम दोन ठिपके. डुक्कर की वासरू, कशावरून ठरवणार? दोनशे मीटरवर तेच डुक्कर अकरा ठिपक्यांचं होतं, मग पाठीचा बाक, डोकं खाली घालून उकरणं दिसायला लागतं. म्हणून दोन शब्द वेगळे ठेवा: ‘चाहुलीचा पल्ला’ आणि ‘ओळखीचा पल्ला’. गोळी झाडायची ती या दुसऱ्या पल्ल्याच्या आतच. रँचवर वासरं असतात, कुत्री असतात, माणसंही असतात.

आणखी एक. रुंदीला ३८४ ऐवजी ६४० ठिपक्यांचा संवेदक घेतला म्हणजे लांबचं दिसेल, असं नाही. भिंग तेच आणि ठिपका तेवढाच असेल, तर फक्त जास्त रुंद दिसतं. लांबची ओळख हवी तर भिंग जास्त नाभीय अंतराचं हवं.

तिसरा प्रतिसाद :
‘चाहूल’ उत्तम. आपल्याकडेही कामाचा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे परवानगीशिवाय शिकार हा गुन्हा, पण बिबट्या शोधायला थर्मल ड्रोन उडतात. पडद्यावर ठिपका चमकला की ‘बिबट्या दिसला’ अशी बातमी पसरते आणि गाव घाबरतं. त्या घडीला लागलेली असते ती चाहूल.

मूळ प्रश्नकर्ता :
काल मेहुण्याला विचारलं, “ओळखीचा पल्ला किती लिहिलाय?” त्याने माहितीपत्रक दोनदा चाळलं. तो आकडा कुठेच नव्हता. आता विकत घेण्याआधी तो रात्री मित्राच्या रँचवर जाऊन, दोनशे पावलांवरचं वासरू ओळखता येतं का ते बघणार आहे.