२.५ गिगाहर्ट्झचा आय५ आमच्या ३.४ च्या आय७ पेक्षा फास्ट कसा काय?

मालवणी_फ्रेम
मंडळी, मालवणात आमचा छोटा फोटो-व्हिडिओ स्टुडिओ आहे, लग्नं तर असतातच पण गणपतीत डबलबारी (दोन भजनी बुवांचा सामना) आणि पुढे दशावतारी नाटकं शूट करून यूट्यूबला टाकतो. एकेक बारी तासन् तास चालते, तीन कॅमेरे, त्यामुळे एक्सपोर्ट लावून झोपायचं आणि सकाळी बघायचं असं चाललंय. पीसी जुना आहे, आय७-३७७०, १६ जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही. सोनीचा नवा कॅमेरा आल्यापासून तर प्रीमियरमध्ये (एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टाइमलाइन धड प्लेच होत नाही.

कॅबिनेट, मॉनिटर, एसएसडी आहे, प्रोसेसर-बोर्ड-रॅम एवढंच घ्यायचंय. कुडाळच्या दुकानात दोन पर्याय दिले, आय५-१२४००एफ आणि रायझन ५ ५६००जी. मोबाइलवर सिनेबेंचचे (प्रोसेसरचा वेग मोजायची टेस्ट) आकडे दाखवले, दोघांत फार फरक नाही, मग म्हणाला कुठलाही घ्या. इकडे घरी काका म्हणतात आय सात देऊन आय पाच आणणार, ते पण ३.४ चं २.५ करून, डोकं ठिकाणावर आहे ना? त्यांना काय सांगू? आणि दोघांतला कुठला घेऊ?

चिपळूणकर_पीसी
काकांना सांगा की गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला किती ठोके एवढंच, एका ठोक्यात काम किती उरकतं ते त्यात येत नाही. ३७७० हा २०१२ चा, १२४०० हा २०२२ चा, मधल्या दहा वर्षांत एका ठोक्यातलं काम भरपूर वाढलंय. आणि ते २.५ म्हणजे बेस, कामाला लागला की ४.४ पर्यंत जातो, तुमचा ३.९ ला थांबतो. वर ४ कोरचे ६ कोर, ८ एमबी कॅशची (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) १८ एमबी. पासमार्क नावाच्या टेस्टला एका थ्रेडचा (एका वेळी चालणाऱ्या एकाच कामाचा) स्कोर पावणेदोनपटीच्या आसपास आणि सगळे मिळून तिपटीच्या आसपास जातो. आय५-आय७ हे त्या त्या पिढीतले दर्जे आहेत, दोन वेगळ्या पिढ्यांत ते लावून काही कळत नाही.

पण सिनेबेंचवर जास्त जाऊ नका. ते थ्रीडी रेंडरिंगचं काम आहे, सगळे कोर पिळून काढतं, व्हिडिओ उलगडायचा वेग त्यात मोजलाच जात नाही. आणि आकडे बघायचेच तर आर२३ ह्या जुन्या व्हर्जनचा आर२३ शीच लावा, २०२४ वाल्या व्हर्जनचं मापच वेगळं आहे.

रत्नांग्रीकर
माझं मत ५६००जी. ग्राफिक कार्ड नाहीये ना तुमच्याकडे? मग १२४००एफ घेऊन स्क्रीनवर काय दिसणार, एफ म्हणजे आत ग्राफिक्सच नाही!! दुकानदाराने हे सांगायला नको? ५६००जी मध्ये वेगा ग्राफिक्स येतं आणि ते इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सपेक्षा गेमिंगला बरंच बरं. फक्त रॅम दोन स्टिकमध्ये घ्या, ८+८ किंवा १६+१६, एकच स्टिक लावली तर ग्राफिक्सचा जीवच जातो कारण ते मेन रॅमच वापरतं.

खाडीपलीकडचो
अरे पण गेम खयं खेळतत ते, ते बारी एडिट करतत 😄
मालवणी_फ्रेम, माका आधी एक सांग, कॅमेऱ्यात फाइल फॉरमॅट कुठला लावलाय? मेनूत बघून अगदी तसाच लिही. पूर्ण गजाल त्याच्यावर आहे, प्रोसेसर नंतर.

मालवणी_फ्रेम
बघितलं. एक्सएव्हीसी एस ४के आहे आणि खाली ४:२:२ १०बिट. एफचं माहीतच नव्हतं, बरं झालं विचारलं, नाहीतर आणून ब्लॅक स्क्रीन बघत बसलो असतो.

खाडीपलीकडचो
मग नीट वाच. ४:२:२ म्हणजे ४:२:० पेक्षा रंगाची माहिती जास्त, १०बिट म्हणजे ८बिटपेक्षा रंगाच्या छटा जास्त. कॅमेऱ्याची फाइल कॉम्प्रेस केलेली असते, प्ले करताना प्रत्येक फ्रेम उलगडावी लागते. हे काम प्रोसेसरमधला वेगळा व्हिडिओचा भाग करू शकतो, इंटेलमध्ये त्याला क्विक सिंक म्हणतात, पण तो ठरावीक फॉरमॅटच ओळखतो. ओळखला नाही की सगळा भार कोरवर आणि टाइमलाइन अडकली. तुझ्या ३७७० ला एच.२६५ (कॉम्प्रेशनची नवी पद्धत, एच.२६४ ही जुनी) अजिबात येत नाही आणि १० बिट तर कशातच नाही.

१२४०० (एफ नको, साधा) एच.२६५ मधलं ४:२:२ १०बिट उलगडतो. ५६००जी ला एच.२६५ येतं पण ४:२:० च, ४:२:२ नाही. सिनेबेंचमध्ये जे दोन प्रोसेसर भाऊ-भाऊ दिसतात त्यांच्यात तुझ्या कामाला हा एवढा मोठा फरक आहे.

आता ह्यातली मेख. तुझा एक्सएव्हीसी एस हा एच.२६४ आहे, आणि एच.२६४ चं ४:२:२ १०बिट १२४०० चं क्विक सिंक पण घेत नाही. कॅमेऱ्यात एक्सएव्हीसी एचएस असेल तर तो लाव, तो एच.२६५. नाहीतर ४:२:० ८बिट वर ये, रात्री रंगमंचावरच्या लाइटात थोडा रंग सुधारायला जागा कमी मिळेल पण बारीला चालतं. तीन कॅमेरे लाव तेव्हा तिन्ही बघ, एक जरी वेगळ्या फॉरमॅटचा असला तरी मल्टिकॅम तिथेच अडकणार.

खात्री करायची तर दुकानातच कर. पेनड्राइव्हवर स्वतःची क्लिप ने, टाइमलाइनवर टाक, टास्क मॅनेजरमध्ये जीपीयू उघड, तिथे व्हिडिओ डिकोडचा आलेख असतो. क्लिप चालू असताना तो हलला तर काम हार्डवेअरवर आहे, सपाट राहिला आणि सीपीयू १०० टक्के गेला तर पैसे खिशातच ठेव.

रत्नांग्रीकर
ओके हे ४:२:२ चं बरोबर आहे, एडिटिंगला इंटेलच. पण पुढे अपग्रेडचं बघायचं असेल तर रायझन ५ ७६०० पण बघा, त्याच्या एएम५ सॉकेटवर (बोर्डवरची प्रोसेसर बसायची जागा) पुढच्या पिढ्या बसतात, १२४०० चं एलजीए१७०० सॉकेट संपलं. महाग पडेल, डीडीआर५ रॅमच लागते.

चिपळूणकर_पीसी
बजेट बघता १२४०० आणि डीडीआर४ चा बी६६० किंवा बी७६० बोर्ड, रॅम १६+१६. एक गोष्ट कोणी लिहिली नाही. १२४०० थोडा वेळ ११७ वॅटपर्यंत जातो आणि मग ६५ ला येतो, हा वेळ साधारण २८ सेकंद ठरलेला आहे, पण बरेच बोर्ड ती मर्यादा काढून ठेवतात. एसीत टेबलावर मांडलेल्या पीसीवरचा यूट्यूबवरचा स्कोर आणि मे महिन्यात बंद खोलीत रात्रभर चाललेला एक्सपोर्ट ह्यात म्हणून फरक पडतो. बॉक्समधला कूलर असेल तर बायॉसमध्ये (बोर्डच्या सेटिंगमध्ये) ६५ वॅट लावून टाका, आकडा किंचित पडेल, पंखा शांत राहील.

आणि समुद्राजवळ आहात तर कॅबिनेट खिडकीखाली नको. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या मशीनच्या रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर हिरवट थर असतो, हिटसिंकच्या पात्यांवर पांढरी पावडर. पावसाळ्यात रोज थोडा वेळ तरी चालू ठेवा. इन्व्हर्टरवर भरवसा नको, लाइट गेल्यावर स्विच होताना पीसी रीस्टार्ट होतो, आणि एक्सपोर्ट ९० टक्क्याला असताना झाला तर काकांना परत समजवावं लागेल. ऑनलाइन यूपीएस झेपत नसेल तर निदान प्युअर साइन वेव्हचा घ्या.

मालवणी_फ्रेम
कॅमेऱ्यात एचएस आहे, आजच्या टेस्ट क्लिप त्याच्यातच काढल्या. शनिवारी कुडाळला पेनड्राइव्ह घेऊन जातोय, काकांना पण सोबत नेतोय, तो आलेख त्यांनाच दाखवतो.