रात्रीची कॉफी, धडधड आणि पूर्वपरीक्षा: पूर्ण सोडू का कमी करू?

नवीपेठ_लातूरकर

नमस्कार सगळ्यांना. मी मूळची लातूरकडची, दोन वर्षं झाली पुण्यात नवी पेठेत कॉट बेसिसवर राहते, एमपीएससी करतीये. राज्यसेवा पूर्वला सात आठवडे राहिलेत आणि मला खरंच कळत नाहीये काय करू म्हणून इथं लिहितीये.

झालंय असं की आधी मी दिवसाला दोन चहा एवढंच घ्यायचे. मागच्या वर्षी २४ तासवाली अभ्यासिका लावली आणि तिथं रात्री सगळेच कॉफी करून घेतात, गरम पाण्याचा नळ आहे, आपला मग आणि पुड्या घेऊन जायचं. आता माझं रोजचं असं झालंय: सकाळी उठल्या उठल्या उपाशीपोटी एक मग, संध्याकाळी ५ ला एक, रात्री साडेनऊला एक. एका मगमध्ये इन्स्टंटच्या दोन पुड्या टाकते कारण एकीने काही होत नाही. शिवाय मैत्रिणींबरोबर टपरीवर दोन-तीन कटिंग होतातच. टेस्ट असली की आदल्या रात्री एनर्जी ड्रिंकचा कॅन पण.

दीडला झोपायला जाते, तीनपर्यंत नुसती पडून असते, साडेसहाला अलार्म. छातीत धडधड होते, विशेषतः आडवं पडल्यावर. बोटं थरथरतात. ॲसिडिटी तर रोजचीच. आणि सगळ्यात जास्त भीती वाटते ती ही की पॉलिटीचं तेच पान तीन तीन वेळा वाचते आणि सकाळी काहीच आठवत नाही. सराव पेपरला सीसॅटचे (पूर्वचा दुसरा पेपर) उतारे वाचताना पहिल्या ओळीवर परत परत यावं लागतं, त्यात पास व्हायला ३३ टक्केच पाहिजेत पण मागच्या दोन टेस्टला तेवढे पण काठावर आले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा पप्पांसमोर कॉफी नको म्हणून दोन दिवस घेतली नाही तर डोकं एवढं दुखलं की उलटी झाली. आता सोडली आणि अभ्यासच झाला नाही तर? कुणी यातून गेलंय का?

सहावा_प्रयत्न

ताई, मी गेलोय. तीन वर्षं पेठेतच होतो, आता सरकारी नोकरीत आहे, विभाग सांगत नाही.

माझं मुख्य परीक्षेत झालं. दोन पेपर एका दिवशी, आदल्या रात्री उजळणी संपेना म्हणून ११ ला स्ट्राँग कॉफी घेतली, परत १ ला घेतली. पहाटे ४ वाजता लाइट बंद केला आणि डोळे मिटले की मथळेच फिरायला लागले. सकाळी सेंटरवर जाताना परत एक. पहिल्या तासात हात असा थरथरत होता की गोल भरताना बाहेर जात होता, दोनदा लघवीला उठावं लागलं, आणि ज्याच्यावर मी स्वतः नोट्स काढल्या होत्या तो प्रश्न बघून मला एवढंच कळत होतं की हे आपण वाचलंय. उत्तर येत नव्हतं. त्या वर्षी थोड्या मार्कांनी राहिलं. ते आजही लागतं मनाला.

नंतरच्या वर्षी मी एकच गोष्ट बदलली, दुपारी २ नंतर कॉफी-चहा काहीच नाही आणि ११ ला अंथरुणात. अभ्यासाचे तास रोजचे दोन-अडीचने कमी झाले, पहिला आठवडा अपराधी वाटत होतं, शेजारचा पोरगा २ पर्यंत बसायचा आणि मी बॅग भरून निघायचो. पण आठवड्याच्या टेस्टमध्ये चालू घडामोडी टिकायला लागल्या. तू जे पान तीनदा वाचतीयेस ना, ते तू वाचत नाहीयेस, डोळे फिरवतीयेस फक्त.

आणखी एक, पूर्वचा पहिला पेपर १० ते १२ आणि सीसॅट ३ ते ५. म्हणजे तुझं डोकं दुपारी ३ ला चाललं पाहिजे. रात्री २ ला जागं राहायची सवय लावून त्याचा काय उपयोग सांग.

एनआयसीयू_नाइट

मी स्टाफ नर्स आहे, मिरजेत, बारा वर्षं झाली. नाइट ड्युटी माझी पण असते म्हणून हा विषय जवळचा आहे. थोडं मोठं लिहितीये, वाच नीट.

आमच्याकडे कमी दिवसांची बाळं येतात, त्यांचा श्वास मधेच थांबतो, त्यावर आम्ही कॅफीन सायट्रेट देतो. हो, तेच कॅफीन. डोस बाळाच्या वजनावर मोजून, डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय एक थेंब नाही, आणि बाळाचे ठोके वाढलेत का ते मॉनिटरवर बघत राहायचं. हे मुद्दाम सांगते कारण लोक कॉफीला नुसतं पेय समजतात. ते औषध आहे, चांगलं औषध आहे, पण मोजून.

आपण जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो आणि तो जितका साठेल तितकी झोप येते. कॅफीन त्याच्या जागा अडवून बसतं. थकवा जात नाही, फक्त थकव्याचा निरोप पोचत नाही. पोटात गेल्यावर पाऊण तासाच्या आसपास रक्तात सगळ्यात जास्त असतं आणि अर्धं उतरायला बहुतेकांना साधारण पाच तास लागतात. आता तुझ्या साडेनऊच्या मगचा हिशोब कर. रात्री अडीचला त्यातलं अर्धं अजून आत आहे, तू तीनपर्यंत पडून असतेस त्यात काही नवल नाही गं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात दिलंय की १५० मिली इन्स्टंट कॉफीत ५० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन, फिल्टर कॉफीत ८० ते १२०, चहात ३० ते ६५, आणि दिवसाला ३०० च्या वर जाऊ नका. तू दोन दोन पुड्या टाकतेस म्हणजे एका मगला १०० ते १३० धर, असे तीन, वर तीन कटिंग. तू साडेतीनशे ते साडेचारशेमध्ये आहेस. कॅनचं वेगळं, आपल्याकडे नियम लिटरला जास्तीत जास्त ३०० मिलिग्रॅमचा आहे म्हणजे २५० मिलीच्या कॅनमध्ये ७५ पर्यंत, आणि साखर किती ते कॅनवरच वाच एकदा.

एकदम बंद करू नकोस. दिवाळीत झालं ते परत होईल. बंद केल्यावर १२ ते २४ तासांत डोकं धरतं, पहिले दोन दिवस सगळ्यात वाईट आणि कुणाकुणाला आठ-नऊ दिवस पण राहतं. म्हणून आधी रात्रीचा मग काढ. तीन-चार दिवसांनी दोन पुड्यांच्या जागी एक. मग ५ चा मग दुपारी दीडला आण. सात आठवडे आहेत, आरामात बसतं हे. फक्त परीक्षेच्या आठवड्यात काही बदल करू नकोस, आणि परीक्षेच्या दिवशी नेहमीपेक्षा जास्त नाही आणि कमी पण नाही.

आणि धडधड होतीये तर एकदा दाखव, अंगावर काढू नकोस. ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघतील. सगळं कॉफीवर ढकलून मोकळं व्हायचं नाही. चक्कर आली किंवा छातीत दुखलं तर त्याच दिवशी जा.

एक विचारते, सकाळी उपाशीपोटी म्हणालीस, रात्री साडेनऊला जेवून घेतेस का न जेवता?

फिल्टर_कापी

सगळे एवढे घाबरवताय तिला! मी इंजिनिअरिंगची चार वर्षं रात्री १० ला फिल्टर कॉफी पिऊन ११ ला गाढ झोपायचो, आजही झोपतो. प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं. कॉफीने लक्ष लागतं, प्रतिक्रिया जलद होते हे सिद्ध झालेलं आहे, मग विद्यार्थ्यांनी का पिऊ नये? आमच्या घरी तर आजी ८२ व्या वर्षी दोन वेळा पितात आणि तब्येत ठणठणीत.

एनआयसीयू_नाइट

दादा, लक्ष लागतं हे खरंच आहे, मी कुठं नाही म्हटलं. पेंगुळलेल्या माणसाला दुपारी एक कप घेतला तर नक्की फायदा होतो. पण लक्ष लागणं वेगळं आणि वाचलेलं डोक्यात बसणं वेगळं. दिवसभर वाचलेलं मेंदू रात्री झोपेत लावून ठेवतो, ती झोपच कापली तर काय बसणार.

शरीर वेगळं असतं हे पण बरोबर. लिव्हरमधलं जे एन्झाइम कॅफीन काढून टाकतं ते कुणाचं जोरात चालतं कुणाचं हळू. सिगारेट ओढणाऱ्यांचं तर जवळपास दुप्पट वेगाने निघतं, म्हणून चहा-सुट्टावाली मुलं सिगारेट सोडतात तेव्हा तेवढ्याच चहाने त्यांना अचानक अस्वस्थ व्हायला लागतं. उलट गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर उतरायला खूप जास्त वेळ लागतो. जुलाबासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन चालू असेल तरी तेच, आणि मेसचं खाऊन ही गोळी किती जण घेतात ते मला माहितीये.

पण झोप लागली म्हणजे झोप झाली असं नाही. २०१३ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला एक अभ्यास झाला होता, छोटाच, बारा जणांचा, झोपायच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफीन दिलं तरी मशीनवर मोजलेली झोप एका तासापेक्षा जास्त कमी झाली. डोस मोठा होता हे मान्य, पण आपल्या या ताईचा दिवसाचा डोस तेवढाच आहे. आणि कॅफीनने कमी होते ती खोल झोप, ती गेलेली माणसाला स्वतःला पटकन कळत नाही.

नवीपेठ_लातूरकर

मॅडम तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आधी लिहिलं नव्हतं. मी जूनपासून एकवेळचीच मेस लावलीये, दुपारची. पप्पांचं सोयाबीन गेल्या वर्षी पावसात गेलं, भाव पण नाही मिळाला, आणि अभ्यासिकेची फी, कॉटचं भाडं, टेस्ट सिरीज सगळं धरून त्यांना दरमहा पैसे मागायला जीव होत नाही. रात्री कॉफी घेतली की भूक मरते. बिस्किटाचा पुडा असतो कधी कधी. घरी सांगितलंय दोन्ही वेळ जेवते म्हणून.

मला वाटायचं कॉफीमुळे दोन प्रश्न सुटतायत, अभ्यासाचा पण आणि जेवणाचा पण.

पेठेतला_डबा

बाळा, मी सदाशिव पेठेत सतरा वर्षं मुलामुलींना डबे देते. तुझ्यासारख्या किती जणी बघितल्या. पहिले सहा महिने दोन्ही वेळचा डबा, मग एकवेळ, मग म्हणतात काकू फक्त पोळ्या द्या भाजी नको. चेहऱ्यावर कळतं गं.

रात्री अगदीच नाही जमलं तर निदान हे ठेव जवळ: भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचा खडा, फुटाणे, दोन केळी. भाजलेल्या चण्याचं पीठ भरून ठेवलं तर ताकात कालवून मीठ-जिरं घालून पिता येतं, गॅस लागत नाही काही नाही. कॉफीच्या पुड्यांना आणि कॅनला महिन्याला किती जातात ते लिहून काढ एकदा, दोन पुड्या गुणिले तीन गुणिले तीस. माझ्याकडच्या एका मुलीने काढलं तेव्हा त्यात रात्रीच्या अर्ध्या डब्याचे पैसे निघाले. अर्धा डबा म्हणजे दोन पोळ्या आणि भाजी, बऱ्याच मेसवाल्या देतात, बोर्डावर लिहिलेलं नसतं, विचारावं लागतं. विचारायला लाजू नकोस.

एनआयसीयू_नाइट

काकूंचं शंभर टक्के. आणि मग आता हिमोग्लोबिन नक्की कर गं, सरकारी दवाखान्यात करून मिळतं. देशात १५ ते ४९ वयातल्या १०० बायकांत ५७ जणींना रक्त कमी आहे, हा २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा आकडा. रक्त कमी असलं की धडधड, दम, वाचलेलं न टिकणं हे सगळं होतं आणि मुली त्याच्यावर कॉफी पितात. जेवणाबरोबर चहा-कॉफी घेतली की अन्नातलं लोह कमी अंगी लागतं, म्हणून जेवणाच्या आधी आणि नंतर एक एक तास सोडून घ्यायची. भाजीवर लिंबू पिळ, त्याने उलट लोह जास्त शोषलं जातं.

सहावा_प्रयत्न

दुपारी पेंग येते त्याला एक उपाय, माझा चालला होता. दीडला अर्धा कप घ्यायचा आणि लगेच डोकं टेकवून १५-२० मिनिटं डोळे मिटायचे, अलार्म लावून. कॉफी चढायला तेवढा वेळ लागतोच, उठतो तेव्हा दोन्ही मिळतं. इंग्लंडमध्ये लफबरो विद्यापीठाने १९९० च्या दशकात पेंगुळलेल्या ड्रायव्हरांवर हे करून बघितलं होतं. सराव पेपर ३ ला लावून हे आत्तापासून बसव, म्हणजे सीसॅटच्या दिवशी नवीन काही नसेल.

नवीपेठ_लातूरकर

बारा दिवसांनी लिहितीये. रात्रीचा मग बंद. चौथ्या-पाचव्या दिवशी डोकं दुखलं पण दिवाळीसारखं नाही. सकाळी आधी केळं मग एक पुडीची कॉफी, दुपारी दीडला दुसरी. टपरीवर जाते पण कटिंग दुपारीच, संध्याकाळी नुसती उभी राहते, मैत्रिणींना सांगून टाकलंय.

हिमोग्लोबिन ८.९ निघालं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात, ईसीजी नॉर्मल आहे, थायरॉइडचा रिपोर्ट परवा येईल. गोळी चहाबरोबर घ्यायची नाही हे त्यांनी पण सांगितलं.

साडेअकराला झोपते आता. पहिले तीन-चार दिवस अभ्यासिकेतून निघताना रडू येत होतं, सगळे बसलेले असायचे. कालच्या टेस्टला सीसॅटचा पहिला उतारा एकदाच वाचला. मार्क अजून आले नाहीत.

आणि पप्पांना फोन करून मेसचं खरं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले उद्या पैसे टाकतो, आधी जेव. काकू, अर्ध्या डब्यासाठी तुम्हाला मेसेज केलाय.