आयोवातली थंडी, पाऊस, वारं : बहीण चाललीय, माहिती हवीय

मोहोळचा_दादा
नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण ऑगस्टमध्ये एमएस करायला चाललीय, आयोवा राज्यात एम्स गावी, अ‍ॅग्रॉनॉमी (पीकशास्त्र) घेतलंय. स्टोरी काउंटी म्हणतात त्या भागाला, फोटोत तर चहूबाजूला नुसता मका आणि सोयाबीनच दिसतंय. आमचं सगळं आयुष्य ४३-४४ डिग्रीत गेलेलं, डिसेंबरात पारा जरा खाली आला की घरात सगळे शेकोटीभोवती. ती तिथं कशी राहणार हे कळंना झालंय. ओळखीचे म्हणतात जॅकेट, बूट सगळं इथूनच घ्या, तिकडं महाग पडतं. दुसरे म्हणतात अजिबात घेऊ नका. खरं काय?

आणि एक अण्णांचं (आमचे वडील). त्यांची सगळी जमीन मालदांडी ज्वारीची, हस्ताच्या पावसाकडं डोळे लावून बसणारा माणूस. ते रोज विचारतात, तिकडं जमीनच गोठते तर पीक घेतात कधी आणि मृग कधी निघतो तिकडं? कुणी नीट सांगितलं तर त्यांना वाचून दाखवीन.

बार्शी_ते_एम्स
दादा, मी तिथंच ३ हिवाळे काढलेत. जॅकेट इथून घेऊ नका. आपल्याकडचं जॅकेट तिथं ऑक्टोबरपर्यंतच चालतं. पोचल्यावर लगेच पण घ्यायचं नाही, कारण ऑगस्टमध्ये तिथं २८-३० डिग्री आणि घामाच्या धारा, मक्याची पानं एवढी वाफ सोडतात की हवा जड होते, पहिल्या आठवड्यात तिला वाटेल थंडी कुठाय. थंडी नोव्हेंबरला येते. जानेवारीत रात्री साधारण उणे १२-१३, दुपारी पण बऱ्याचदा शून्याखालीच. हे नेहमीचं झालं. मधेच कॅनडाकडनं वारं सुटलं की अडवायला एक डोंगर नाही, सरळ येतं. २०१९ च्या जानेवारी अखेरीला हवाच उणे २८-२९ पर्यंत गेलेली, वारा धरला तर अंगाला उणे ४० च्या खालचं लागत होतं. अशा दिवशी उघडी कातडी काही मिनिटांत बधिर होते, म्हणून तिकडं तापमान बघताना शेजारी विंड चिल लिहिलेलं असतं ते बघायचं, नुसता पारा बघून बाहेर पडायचं नाही.

इथून काय न्यायचं तर आतून घालायचे थर्मल ३-४ जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी. बूट तिथंच घ्यायला सांगा, खाली चांगली पकड असलेले, रस्त्यावर बर्फाचा पातळ थर असतो तो दिसतच नाही आणि माणूस आपटतो. घरात हीटर असतो, २०-२१ डिग्री, पण हवा एकदम कोरडी, ओठ फुटतात, नाकातनं रक्त येतं, घाबरू नका म्हणावं. खोबरेल घरात सुद्धा थिजलेलं राहतं, व्हॅसलीन द्या.

खरं सांगू का, मला थंडीपेक्षा अंधाराचा त्रास झाला. नोव्हेंबरात घड्याळ १ तास मागं घेतात, मग डिसेंबरात पावणेपाचलाच दिवस मावळतो. लॅबमधनं बाहेर आलं की रात्र. तेव्हा रोज फोन करा तिला, नक्की करा.

काळी_माती
अण्णांसाठी लिहितो. अण्णा, तिकडं मृग नाही आणि हस्त पण नाही. पाऊस एका बाजूनं ठरलेल्या तारखेला येत नाही, दक्षिणेकडनं मेक्सिकोच्या आखातावरची ओली हवा वर येते आणि उत्तरेची थंड हवा खाली, दोन्ही भिडल्या की गडगडाट करून पडतो. आपल्या वळवासारखाच समजा, गारांसकट, फक्त एप्रिल ते सप्टेंबर पडत राहतो आणि उन्हाळ्यात बरेचदा रात्रीचा येतो. वर्षाला ९०० मिमीच्या आसपास. आपल्या सोलापूर जिल्ह्याची सरासरी साडेपाचशेच्या जवळ, ती पण कधी पडते कधी नाही.

जमीन मार्चपर्यंत गोठलेलीच. एप्रिल अखेर जमिनीचं तापमान १० डिग्रीच्या वर टिकलं की मका पेरायला घेतात, मेच्या मध्यापर्यंत उरकतात. सप्टेंबर ते नोव्हेंबर काढणी. वर्षात एकच पीक, मधल्या थंडीत रान रिकामं.

आता मोठा फरक. माती तिकडं पण काळीभोर, पण ती गवताळ रानाच्या कुजलेल्या मुळांनी काळी झालीय, आपली काळ्या पाषाणाची झिजून झालेली. आपण ओल धरून ठेवायला जीव टाकतो, मालदांडी नुसत्या त्या ओलीवर येते. स्टोरी काउंटीत उलटं, हिमनदीनं सपाट केलेली जमीन, पाणी हलतच नाही. म्हणून शेतकऱ्यांनी जादा पाणी काढायला रानाखाली ३-४ फुटांवर नळ्या पुरल्यात, आधी भाजलेल्या मातीच्या, आता भोकं पाडलेल्या प्लॅस्टिकच्या. उजनीच्या कॅनॉलखाली ज्यांची जमीन पाणी मुरून चिबड झालीय त्यांना ही गोष्ट लगेच कळंल.

अकलूजची_माई
वाऱ्याचं कुणी लिहिलंच नाही! माझा मुलगा तिकडंच असतो. एप्रिल ते जून टॉर्नेडोचा मोसम, म्हणजे वावटळीसारखं गरगरणारं पण लई जोराचं वादळ. मोबाईलवर वॉच आलं तर तसं वातावरण तयार झालंय असं समजायचं, वॉर्निंग आली तर लगेच तळघरात, नाहीतर खालच्या मजल्यावर खिडकी नसलेल्या खोलीत जायचं, व्हिडिओ काढत बसायचं नाही. १० ऑगस्ट २०२० ला सरळ रेषेत वादळ आलं होतं, डेरेचो म्हणतात, आयोवातल्याच सीडर रॅपिड्स शहरात वारं ताशी २२५ किमीच्या घरात गेल्याचा अंदाज होता, लाखो एकर मका आडवा झाला. मुलाची लाईट कितीतरी दिवस नव्हती, मी इकडं देवापुढं बसून. त्याच ऑक्टोबरात आपल्याकडं पावसानं हाहाकार केला, तेव्हा तो तिकडनं फोन करत होता. पोरीला टॉर्च आणि पॉवर बँक द्या बाळा. आणि सोलापुरी चादर द्या, घरात हीटर असला की तेवढी पुरते, बाहेरचं जॅकेटचं काम वेगळं.

मोहोळचा_दादा
लई आभार सगळ्यांचे. माई, चादरी दोन घेतो. अण्णांना सगळं वाचून दाखवलं, नळ्यांचं दोनदा वाचायला लावलं. विचारतायत, ते पाणी जातं कुठं मग? आणि खत पण जात असंल की त्याबरोबर.

काळी_माती
अण्णांनी बरोबर जागी बोट ठेवलं. नळ्यांमधनं ओढ्यात, ओढ्यातनं स्कंक नदीत, पुढं मिसिसिपीत आणि शेवटी मेक्सिकोच्या आखातात. मक्याला घातलेल्या खतातलं नायट्रेट त्याबरोबर वाहतं. आखातात त्यावर शेवाळ माजतं, ते कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो आणि दर उन्हाळ्यात मोठ्या पट्ट्यात मासे टिकत नाहीत. डेमॉइन शहराला तर पिण्याच्या पाण्यातनं नायट्रेट काढायला वेगळा प्लांट चालवावा लागतो. बहिणीचा विषय अ‍ॅग्रॉनॉमी आहे ना, तिच्या डिपार्टमेंटात यावर काम करणारे लोक भेटतील तिला.

मोहोळचा_दादा
सांगितलं अण्णांना. त्यांना तुमच्याशी फोनवर बोलायचंय, रविवारी दुपारी जमत असंल तर मेसेज टाका.